दोन वाजताची जाग : धुळ्याजवळचं माझं पहिलं विपश्यना शिबिर

मौन पाळून ध्यान शिकायच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराहून परत येऊन आता दोन महिने होतील. तेवढ्यात ओळखीतल्या सहा-सात जणींनी फोन करून जवळपास तेच तेच विचारलं. फॉर्म कसा भरला, रजा कशी मिळाली, गुडघे दुखले का, इतके दिवस न बोलता राहिलीस कशी. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून एकदा सगळं तारीखवार लिहून काढते आहे.

आधी कारण सांगते, कारण त्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. माझी आई नोव्हेंबर 2023 मध्ये गेली. त्याआधी सव्वादोन वर्षं ती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होती. भाऊ सुरतेला, म्हणून ती आमच्याकडे अमळनेरलाच. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, डावा हात तेवढा चालायचा. तिच्या उशाशी मी स्टीलची एक वाटी ठेवली होती आणि हातात एक चमचा दिला होता. काही हवं असलं की ती वाटी वाजवायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली होती. बारापर्यंत यांची पाळी, दोनची आणि चारची माझी. रात्री दोनला वाटी वाजली की उठायचं, तिला डाव्या कुशीवर करायचं, पाठीला पावडर लावायची, चमच्याने दोन घोट पाणी पाजायचं.

आई गेली, पण दोनची जाग गेली नाही. रोज रात्री दोनच्या सुमाराला खाडकन डोळे उघडायचे आणि हात आपोआप पलंगाच्या त्या बाजूला जायचा. मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. ऑफिसात चुका व्हायला लागल्या, घरात सगळ्यांवर ओरडायला लागले, रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. जळगावला एका समुपदेशक बाईंकडे चार वेळा जाऊन आले, त्याचा उपयोगही झाला. निदान हे दुःख आहे, वेड नाही, एवढं त्यांच्याकडून कळलं. विपश्यनेचं नाव मात्र ऑफिसातल्या एका वरिष्ठ बाईंनी काढलं. त्या इगतपुरीला दोनदा जाऊन आल्या होत्या.

इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून चालू आहे आणि महाराष्ट्रात विपश्यना म्हटलं की सगळ्यांना तेच आठवतं. मलाही तेच माहीत होतं. आपल्या खानदेशात, धुळ्याजवळ तिखी गावाच्या बाजूला, डेडरगावच्या तलावाजवळ ‘धम्म सरोवर’ नावाचं केंद्र आहे हे मला फॉर्म भरताना कळलं. अमळनेरहून एसटीने धुळं तासा-सव्वा तासावर. घरात कुणाचं काही झालं तर निरोप मिळाला की लवकर परत येता येईल, या एका विचाराने मला धीर आला. ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा लहान मूल आहे त्यांनी आधी जवळचं केंद्र बघावं, असं मी मनापासून सांगेन.

ऑगस्ट 2024 मध्ये ऑनलाइन फॉर्म भरला. फॉर्म सोपा आहे, पण घाईत भरायचा नाही. नाव-गाव-शिक्षणानंतर शारीरिक आजार, मानसिक आजार, चालू असलेली औषधं, व्यसन, आधी केलेली दुसरी कुठली साधना, सोबत कोणी नातेवाईक येणार आहे का, असे प्रश्न येतात. झोपेच्या गोळीचं लिहू की नको यावर माझा एक अख्खा दिवस गेला. लिहिलं तर प्रवेश नाकारतील अशी भीती होती. शेवटी खरं ते लिहिलं. चार दिवसांनी केंद्राकडून फोन आला. गोळीचं नाव, किती दिवसांपासून घेता, आणखी काही त्रास आहे का, हे सगळं एका ताईंनी शांतपणे विचारून घेतलं आणि डॉक्टरांचं पत्र पाठवायला सांगितलं. डॉक्टरांनी दोन ओळींचं पत्र दिलं, गोळी शिबिरातही बंद करू नका असं मला बजावलं. त्यामुळे फॉर्ममध्ये काहीही लपवू नका. एवढे दिवस गप्प बसून स्वतःच्या मनासमोर राहणं ही साधी गोष्ट नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर हे शिबिर त्या माणसाला झेपणार नाही, म्हणूनच ते विचारतात. आणि आपल्या मनाने औषध सोडून तिथे जाऊन बसणं तर अजिबात करू नका.

सप्टेंबरच्या शेवटी ऑक्टोबरच्या शिबिराची जागा पक्की झाली. मग रजा.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी परिवर्तित रजा, म्हणजे अर्धवेतनी रजा वळती करून पूर्ण पगारी मिळणारी रजा, मिळण्याची तरतूद आहे, त्याचा शासन निर्णयही आहे. पण आमच्या आस्थापना शाखेत तो कुणी पाहिलेला नव्हता. माझा अर्ज आधी ‘कारण सयुक्तिक नाही’ असा शेरा मारून परत आला. शासन निर्णयाची प्रत काढून, जोडून, पुन्हा आवक-जावकला दिला, पोच घेतली. मग अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. सगळ्यांच्या रजा बंद. 20 नोव्हेंबरला मतदान, 23ला मतमोजणी. आचारसंहिता लागली त्या दिवशी घरी येऊन मी दार लावून खूप रडले. इतक्या दिवसांनी स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणजे केंद्राला कळवून माझी जागा रद्द केली. हे विसरू नका. बायकांच्या जागा लवकर भरतात, प्रतीक्षा यादीत कुणीतरी आपल्यासारखीच वाट बघत असते.

मतमोजणीनंतर सोमवारी, 25 नोव्हेंबरला, पुन्हा फॉर्म भरला. 20 डिसेंबरला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शिबिराची जागा पक्की झाल्याचं कळलं. येणार आहात ना, असं विचारणारा आणखी एक निरोप नंतर येतो, त्याला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर जागा जाते. या वेळी मी रजेचा अर्ज नीट हिशेब करून दिला. शिबिर बुधवारी दुपारी सुरू होऊन पुढच्याच्या पुढच्या रविवारी सकाळी संपतं. आपल्याला शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून शेवटचे शनिवार-रविवार मागे जोडायची परवानगी मागितली, म्हणजे बुधवार 8 ते शुक्रवार 17 अशी दहा दिवसांची रजा पुरली. परिवर्तित रजेला अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस जातात, म्हणजे माझे वीस गेले. आईच्या आजारपणात मी सगळी अर्जित रजा वापरली होती, अर्धवेतनी मात्र शिल्लक होती, म्हणून जमलं. मंजुरीचा आदेश हातात पडला मंगळवारी, 7 जानेवारीला संध्याकाळी साडेपाचला. साहेब एवढंच म्हणाले, “26 जानेवारीच्या आत हजर व्हा, झेंडावंदन आहे.”

घरी कुणाचा विरोध नव्हता, पण समजतही नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, “गप्प बसायला एवढ्या लांब कशाला जायचं, घरी बसवत नाही का?” शेजारच्या जिजींनी गालाला हात लावला. “माय व! दहा दिन बोलानं नही? मंग तठे जाईसन करशी काय?” मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं.

सामानाचं सांगते. सैल सुती कपडे, पाच-सहा जोड. तंग कपडे चालत नाहीत आणि मांडी घालून बसायला ते कामाचेही नाहीत. एक जाड शाल आणि पायमोजे. जानेवारीत धुळ्याकडे पहाटेची थंडी हाडात शिरते, आणि पहाटे चारला उठायचं असतं. टॉर्च, चपला सहज काढता-घालता येतील अशा, चादर, औषधं, गजराचं छोटं घड्याळ कारण मोबाइल नसतो. पुस्तक, वही, पेन, जपमाळ नेऊ नका, ती तिथे जमाच करावी लागतात. माझा खर्च म्हणाल तर शाल आणि मोजे मिळून साडेसहाशे रुपये, एसटीचं बायकांचं अर्धं तिकीट, आणि धुळे बसस्थानकावरून रिक्षा. रिक्षात आणखी दोघी शिबिरालाच चाललेल्या भेटल्या, तिघींनी मिळून पैसे दिले. शिबिराची, राहण्याची, जेवणाची फी काही नाही. ज्यांनी निदान एक शिबिर पूर्ण केलं आहे त्यांच्याच दानावर हे चालतं. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी बसून गेलं, त्याने माझ्या जेवणाचे पैसे भरले. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून मनात धरून ठेवाविशी वाटली.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला पोचले. नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्र दाखवायचं, आणखी एक अर्ज भरायचा, मोबाइल आणि दागिने जमा करायचे. रजेसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर ते इथेच सांगून ठेवा, शेवटच्या दिवशी गर्दीत आठवत नाही. यांना शेवटचा फोन केला आणि मोबाइल पिशवीत टाकला. बायका आणि पुरुष यांच्या राहण्याच्या, जेवणाच्या जागा वेगळ्या. संध्याकाळी नियम समजावले. पंचशील, म्हणजे हिंसा, चोरी, कामाचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहणं, हे पाळायचं, आणि त्या रात्रीपासून मौन. फक्त बोलायचं नाही एवढंच नाही, खुणा नाहीत, नजरानजरही नाही. अडचण आली तर धम्मसेविकेला आणि साधनेबद्दल सहायक आचार्यांना विचारता येतं.

मला सर्वांत जड गेलं ते वेगळंच. मी अमळनेरची, लहानपणापासून संत सखाराम महाराजांच्या वाडीत, म्हणजे त्यांच्या संस्थानात, जाणारी. रात्री जाग आली की मी नामस्मरण करायची, तेवढाच आधार. आणि इथे सांगितलं की दहा दिवस जप, मंत्र, पूजा सगळं थांबवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या वेळेत मी आचार्य बाईंना हे विचारायला गेले. त्या म्हणाल्या, “तुमचं काही हिरावून घ्यायचं नाही. दहा दिवस ही विद्या तिच्या पद्धतीने करून बघा. घरी गेल्यावर काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.” तेवढ्यावर माझं समाधान झालं. ज्यांना हा प्रश्न पडेल त्यांनी मनात कुढत बसू नये, जाऊन विचारावं.

आता पहिली पहाट. चार वाजता सेविका हातात घंटी घेऊन खोल्यांसमोरून जातात. मला दोनला जाग येऊन साडेतीनला कुठे डोळा लागला होता. झोपेत तो आवाज आला आणि मी अंथरुणातून उठून उभी राहिले, हात पुढे केला, भिंतीला लागला. मला वाटलं वाटी वाजली. काळोखात उभं राहून मी कुठे आहे हे आठवायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. बाहेरच्या दिव्याचा पट्टा दाराखालून आत आला होता, त्यात माझ्या चपला दिसल्या, तेव्हा आठवलं.

दिवसाचा क्रम असा. चारला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. आठ ते नऊ सगळ्यांनी मिळून हॉलमध्ये बसायचं, मग अकरापर्यंत पुन्हा ध्यान. अकराला जेवण. दुपारी एक ते पाच ध्यान, त्यात अडीच ते साडेतीन सामूहिक. पाचला चहा आणि थोडं खाणं, फळं. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, दुपारी बारानंतर जेवण नसतं. सहा ते सात पुन्हा सामूहिक, सातला सत्यनारायण गोएंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. जेवण साधं आणि पोटभर, पण आपल्या खानदेशी जिभेला मिरचीची आठवण येतेच. चौथ्या दिवशी ध्यानात मला श्वासाऐवजी शेवभाजीचा तवंग दिसत होता. रात्रीचं जेवण नाही याची भीती बाळगू नका, तिसऱ्या दिवसापर्यंत पोट आपणच शिकतं.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. आत येतो, बाहेर जातो, तेवढं बघायचं. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही, नाव घ्यायचं नाही. ऐकायला किती सोपं! पहिल्या तासात मी गॅसचा नंबर लावला, मुलीच्या हॉस्टेलची फी भरली, साहेबांशी भांडले, आणि श्वास बघितला असेल तर चार वेळा. दुसऱ्या दिवशी डाव्या खुब्यापासून घोट्यापर्यंत अशी कळ सुरू झाली की दुपारी मी पिशवी भरायला घेतली. खरंच साडी-टॉवेल घडी करून ठेवले. मग सेविकेला खूण न करता, बोलून सांगितलं की बसवत नाही. त्यांनी दोन उशा जास्त दिल्या आणि गुडघ्यांखाली कशा घ्यायच्या ते दाखवलं. गुडघ्याचा किंवा पाठीचा मोठा त्रास असेल तर खुर्ची मिळते, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या ओळीत तीन जणी खुर्चीवर होत्या.

तिसऱ्या दिवशी लक्ष नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर, एवढ्याशा जागेवर आणायला सांगतात. तिथे काय जाणवतं ते बघायचं. मला दोन तास काही नाही आणि मग एकदम मुंगी चालल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी दुपारी खरी विपश्यना शिकवतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत मन फिरवायचं आणि जिथे जी संवेदना असेल, दुखणं, गरमी, खाज, ठोके, ती फक्त जाणायची. चांगली म्हणून धरायची नाही, वाईट म्हणून झटकायची नाही, कारण ती बदलणारी आहे. त्यासाठी पाली शब्द वापरतात, अनिच्च. त्यानंतर रोजच्या तीन सामूहिक तासांना अधिष्ठान असतं. तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत असा निश्चय करून बसायचं. पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटंही जमलं नाही. जमलं नाही तर कोणी ओरडत नाही. पाय हळूच सोडा, पुन्हा मांडी घाला.

प्रवचनात गुरुजी स्वतःची गोष्ट सांगतात. ते म्यानमारमधले व्यापारी, मंडालेत 1924 मध्ये जन्मलेले. अर्धशिशीने इतके हैराण की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. त्यासाठी ते 1955 मध्ये तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. दुखणं बरं करायला गेलेला माणूस चौदा वर्षं शिकत राहिला आणि 1969 मध्ये ही विद्या घेऊन भारतात आला. मला त्या गोष्टीचा आधार वाटला, कारण मीही मोक्षासाठी गेले नव्हते. मला झोप हवी होती.

पाचव्या दिवशी शाकंभरी पौर्णिमा होती. रात्री दोनला जाग आली तेव्हा खिडकीतून इतकं चांदणं आत आलं होतं की भिंतीवरचा खिळासुद्धा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मकर संक्रांत, शिबिराचा सहावा दिवस. हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला. पण याच्यासाठीच मी गेले होते असं आता वाटतं.

दुपारचा अडीचचा तास. अधिष्ठान. डाव्या खुब्यात तीच कळ. मी ती बघत होते, आणि कळ बघता बघता मला आठवलं की हा तोच खुबा. आईला डाव्या कुशीवर करताना माझं सगळं वजन मी याच पायावर घ्यायचे, वाकून, दोन वर्षं. आणि त्या आठवणीमागून ती रात्र आली.

आई जायच्या आधी तीन आठवडे. मी तीन रात्री सलग झोपले नव्हते. दोनला वाटी वाजली, मी उठून कूस बदलली, पाणी पाजलं. पाच मिनिटांत पुन्हा वाजली. पुन्हा उठले, काही नको होतं. पुन्हा वाजली. चौथ्यांदा मी गेले आणि तिच्या हातातून चमचा काढून घेतला. “बस कर व माय आते, झोपू दे माले,” असं ओरडले आणि चमचा वर फडताळात ठेवून दिला. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर डोळे तेवढे हलायचे तिचे. सकाळी मी चमचा परत तिच्या हातात दिला, हात कुरवाळला. तिने तो धरला. पण पुढचे एकोणीस दिवस तिने तो एकदाही वाजवला नाही. मी दोनला उठून बघायला जायचे, ती जागी असायची, चमचा मुठीत असायचा.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांना नाही, समुपदेशक बाईंना नाही. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं शांत बसलेली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ते गळ्यावरून ब्लाउजमध्ये उतरत होतं आणि मी हात उचलला नाही. छातीत दगड ठेवल्यासारखं होतं, घसा आवळलेला, खुब्यात आग. मी तेवढंच बघत राहिले. इथे दगड आहे, इथे आग आहे. तो आवळ घट्ट होत गेला, मग कधीतरी सैल झाला, पुन्हा घट्ट झाला. मला वाटत होतं या आठवणीने मी मरेन, म्हणून तर सव्वा वर्ष मी तिला दारात उभी करून ठेवली होती. घंटा झाली तेव्हा मी तिथेच होते. उठून पळाले नव्हते.

बाहेर आल्यावर पाय इतके थरथरत होते की पायरीवर बसून राहिले. एक सेविका जवळ येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, पाण्याचा ग्लास ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी आचार्य बाईंना सांगितलं, पूर्ण नाही, थोडंसं. त्यांनी विचारलं झोप लागते का, गोळी चालू आहे ना, आणि जड झालं तर सरळ श्वासावर परत या म्हणाल्या. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. झेपत नसेल तर जोर करायचा नाही, लगेच जाऊन सांगायचं.

सात, आठ, नऊ हे दिवस भराभर गेले असं नाही म्हणणार, पण लिहिण्यासारखं वेगळं काही नाही. कधी अंगभर हलकं वाटायचं, कधी नुसता कंटाळा. एक गोष्ट मात्र झाली. रात्री दोनला जाग यायची तेव्हा मी छताकडे बघण्याऐवजी अंथरुणात उठून बसायला लागले.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान, शिकवतात, आणि त्यानंतर मौन सुटतं. इतके दिवस शेजारी बसलेल्या बायका अचानक बोलायला लागतात तेव्हा पहिल्यांदा कान दुखतात. माझ्या शेजारच्या खोलीत साक्रीकडच्या एक साठीच्या बाई होत्या. त्या पहिलं वाक्य हेच बोलल्या, “रातले उठीसन बसस तू. माले बी जाग येस.” मग त्यांनी सांगितलं. पंचवीस वर्षं शेतातल्या मोटरीला रात्रीची लाईट यायची, थ्री फेज आली की नवऱ्याबरोबर उठून बारे द्यायला जायचं, पाणी वळवायचं. नवरा वारला, शेत वाट्याने दिलं, पण लाईटीच्या वेळेला त्यांना अजून जाग येते. उठून त्या अंगणात जाऊन अंधारात बघत उभ्या राहतात. मी त्यांना वाटीचं सांगितलं. चमच्याचंही सांगितलं, पहिल्यांदा कुणाला तरी तोंडाने. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्याच दिवशी दानाचं टेबल लागतं. कुणी किती दिलं हे कुणी विचारत नाही, पावती मिळते. अकराव्या दिवशी पहाटे शेवटचं प्रवचन, मग नाश्ता, आपापली खोली झाडून-पुसून द्यायची, आणि साडेसातपर्यंत आपण बाहेर. मोबाइल चालू केला तर दोनशेच्या वर मेसेज होते. एक सूचना करते. त्या दिवशी गर्दीच्या ठिकाणी, लग्नाकार्याला जाऊ नका. धुळे बसस्थानकावरचा भोंगा माझ्या छातीत घुसत होता. घरी जाऊन दिवसभर मी खिडकीशी बसून होते, यांनीच खिचडी टाकली.

सोमवारी 20 जानेवारीला रुजू अहवाल दिला, सोबत शिबिराचं प्रमाणपत्र जोडलं. त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. सेवापुस्तकात नोंद व्हायला मार्च उजाडला, तीनदा विचारायला जावं लागलं.

सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. मला सकाळी चाळीस मिनिटं जमतात, संध्याकाळी कधी जमतं, कधी नाही. नामस्मरण मी पुन्हा सुरू केलं आहे, ध्यानाच्या वेळेत मिसळत नाही एवढंच. फेब्रुवारीत डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली, पूर्ण बंद झालेली नाही. दोनची जाग आठवड्यातून चार-पाच रात्री येतेच. येते तेव्हा उठून बसते. कधी वीस मिनिटांत पुन्हा झोप लागते, कधी चार वाजतात. समुपदेशक बाईंकडेही पुन्हा एकदा गेले, या वेळी सगळं सांगितलं.

वाटी सव्वा वर्ष आईच्या पलंगाखालच्या पिशवीत होती. मागच्या रविवारी ती बाहेर काढली, घासली, आणि शेवभाजीचा रस्सा तिच्यात वाढून घेतला. हे एकदा वाटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून काही न बोलता जेवले. चमचा अजून पिशवीतच आहे.